उसनी चाल

३ मार्च

आईने आज पुन्हा "माझं झालं आता" म्हटलं, आणि मी चिडून तिचा वॉकर घडी करून दारामागे ठेवून दिला. थोड्या वेळाने तिला बाथरूमला जायचं होतं तेव्हा मीच तो मुकाट्याने आणून दिला. त्यावर ती म्हणते, "पेशंटशी असं वागतेस होय? लोक बरे होऊन चालत नसतील, तुला घाबरून पळत असतील."

माझं दुखणं तेच आहे. मी फिजिओथेरपिस्ट. इतक्या वर्षांत किती मोडकी माणसं चालती केली, आणि घरातली एक बाई पलंगावरून हलायला तयार नाही. उजव्या खुब्याचं हाड मोडून दोन महिने झाले. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं. सर्जन म्हणतात, आता सगळं त्यांच्या मनावर आहे. आईच्या मनावर काही असणं म्हणजे काय, हे सर्जनना ठाऊक नाही. पलंग ते बाथरूम आणि परत, एवढंच तिचं जग. पुन्हा पडण्याची तिला भीती वाटते. पण भीती वाटते असं ती मेली तरी म्हणणार नाही, म्हणून "माझं झालं" म्हणते.

दादाचा फोन होता. तो लांब राहतो, तिथून त्याला सगळं स्वच्छ दिसतं. "दुसरा मजला, लिफ्ट नाही, तू दिवसभर कामावर. एप्रिल संपेपर्यंत ती जिना उतरली नाही तर मी वृद्धाश्रमात तिची सोय करतो. तिथे लिफ्ट आहे, नर्स आहे." आईला सांगितलं, तर म्हणाली, "टाका कुठेही. पडूनच राहायचं तर छत कुठलंही चालतं."

मला नाही चालत. लग्न मोडून मी या घरात परत आले तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात किल्ली फिरवली की आतून "कोण?" असा आवाज येतो. माझ्याशिवाय कुणी येणार नसतं, तरी ती विचारते. तो आवाज आला नाही तर मी त्या घरात काय करायचं? हे दादाला सांगता येत नाही. तो म्हणेल, प्रश्न तुझा आहे की आईचा?

७ मार्च

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात नव्या यंत्राचा पहिला पेशंट: बेकरीवाले काका. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लोळागोळा झालाय. त्यांना तो मोठा चष्मा डोळ्यांवर चढवून बसवलं. चष्म्यात त्यांना ते स्वतःच दिसतात. तोच चेहरा, तेच टक्कल, तीच मिशी. फक्त त्या काकांचा उजवा हात हळूहळू वर येतो. त्याला आम्ही प्रतिरूप म्हणतो. माणसाने दुसऱ्या कुणाला व्यायाम करताना पाहिलं तर तो जांभई देतो, स्वतःला पाहिलं तर त्याचं अंग आपोआप त्यात ओढलं जातं, असं मोठे डॉक्टर सांगतात. मला ही सगळी जत्रा वाटत होती. पण काका बघता बघता रडायला लागले, आणि त्यांची बोटं मांडीवर हलली. मी स्वतः पाहिलं.

यात एक मेख आहे. प्रतिरूप मुद्दाम पेशंटपेक्षा थोडं सरस केलेलं असतं. फार सरस केलं तर माणूस हिरमुसतो, थोडं केलं तर त्याला वाटतं, अरे, हे तर मला जमतंय. म्हणजे माणसाला त्याच्याच तोंडाने थाप मारायची. मी हे बोलून दाखवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पेशंटला 'छान, जमतंय' म्हणता तेव्हा रोज खरंच जमत असतं का?"

रबरी चटईचा कोपरा पुन्हा वर आलाय. सगळ्यांसमोर अडखळले. झाडूवाल्या मामांना सांगितलं, चिकटवून टाका ती एकदाची. ते म्हणाले, "ताई, चिकटवलेलीच आहे." माणसं कामचुकार झाली आहेत.

११ मार्च

मोठ्या डॉक्टरांना विचारून एक चष्मा घरी न्यायची परवानगी काढली. आईचं प्रतिरूप करायचं. कॉम्प्युटरवर हे सगळं घडवते ती मुलगी चिमणीएवढं खाते आणि चिमणीसारखी टिवटिवते, म्हणून मी तिला चिमणीच म्हणते. चेहऱ्यासाठी आईचे फोटो दिले. आवाज हवा होता. मोबाईल धरून आईला म्हटलं, "म्हण, चला, आज दारापर्यंत जाऊ या."

"कुणाशी बोलतेय मी?"

"स्वतःशी."

"मी स्वतःशी असं लाडेलाडे बोलत नाही. मी स्वतःला म्हणते, ऊठ म्हशी."

तेच रेकॉर्ड केलं.

१३ मार्च

साफ आपटलं. आईने चष्मा लावला, जेमतेम मिनिटभर पाहिलं आणि काढून माझ्या हातात दिला. "चेहरा माझा आहे. आवाज माझा आहे. पण ठुमकत कोण चाललंय? ही बया कोण?"

ती जन्मभर विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेलं गोदाम खरंच जळलं की जाळलं, हे ती राखेकडे बघून सांगायची, असं तिचे साहेब म्हणायचे. तिला फसवायला निघालेली मी शहाणी. चिमणीला विचारलं, तर म्हणाली, प्रतिरूपाला चाल आम्ही साठ्यातून देतो, ही एका नाचणाऱ्या मुलीची आहे. मी कपाळावर हात मारला.

"मग कुणाची घालू, ताई? तुमच्या आईच्या उंचीची, त्यांच्यासारख्या बांध्याची बाई मिळाली तर बघा."

१६ मार्च

बाई सापडली. मीच! उंची तीच, खांदे तेच, तिची साडी नेसले तर मागून शेजारीसुद्धा फसतात. सगळे गेल्यावर चिमणीने माझ्या घोट्यांना, गुडघ्यांना, कमरेला पट्ट्यांनी सेन्सर बांधले आणि मला हॉलमधून ये-जा करायला लावलं. जरा हळू, जरा वाकून, आईसारखी. मजा आली. शाळेच्या नाटकात म्हातारी झाले होते त्यानंतर आत्ताच.

चिमणी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ताई, डावं पाऊल पुरेसं उचललं जात नाहीये. पुढचा भाग खाली राहतोय."

"पट्टा सैल असेल."

तिने घट्ट केला. पुन्हा चालले. "अजून तसंच आहे."

"म्हातारी म्हणून चालतेय गं मी. म्हातारी माणसं पाय घासतातच. राहू दे, उलट खरं वाटेल."

तिने राहू दिलं. आईला सांगायचं ठरलं, की दादाच्या लग्नाच्या व्हिडिओवरून तुझीच चाल घेतली. ही थाप आहे, कबूल. पण औषध गोळीत भरून देतात तशी.

१८ मार्च

लागू पडलं!

आईने चष्मा लावला. तोंडाने नेहमीसारखं "हं, हं" चालू होतं. मग ते थांबलं. ती नुसती बघत राहिली. मी बाजूला उभी. मग तिने चष्म्यातूनच विचारलं, "ही डावा पाय का घासतेय?"

"मशीनची गडबड असते कधीकधी."

"माझा उजवा मोडलाय."

"म्हणूनच तर. उजवा नीट दाखवायचा, म्हणजे तुला धीर येईल." हे मला जागच्या जागी सुचलं. स्वतःवर खूश झाले.

तिने परत सुरुवातीपासून लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "चहा करतेस?" मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागे वळून पाहिलं तर ती अजून माझ्याकडेच बघत होती, डोळ्यांत पाणी. बेकरीवाल्या काकांसारखंच. स्वतःला चालताना पाहून माणूस आतून हलतो, हे खरं आहे. मलाही रडू आलं. मी नळ सोडून तोंड धुतलं.

२० मार्च

दोन दिवसांत तिने कितीदा चष्मा मागितला त्याला गणतीच नाही. सकाळी चहाच्या आधी, दुपारी मी नसताना कामवालीकडून लावून घेऊन. आणि आज, मी दारात किल्ली फिरवली, आतून "कोण?" आलं नाही. दार उघडलं तर ती दारातच उभी. वॉकर धरून, घामाघूम, पण उभी. पलंगापासून दारापर्यंत एकटी आलेली.

"पडली असतीस म्हणजे!" मी ओरडलेच. आनंदाने ओरडतात तसं नाही, खरंच ओरडले.

"पडले नाही ना? ये आत. चप्पल काढ आणि दे इकडे."

तिने माझी चप्पल उलटी करून तळ पाहिला. मग दुसरी पाहिली. घसरायची भीती अजून गेलेली नाही, चपलांचे तळ तपासून बघते. तिच्यासाठी न घसरणाऱ्या नव्या आणायला हव्यात.

२४ मार्च

आई व्यायाम करते! सांगितलेला करते, न सांगितलेला करते. मला विचारते, "जिना उतरायला कुठल्या स्नायूला जोर लागतो?" मी दाखवते, ती मान डोलावते. तिने मला कधी असं ऐकून घेतलंय, मला आठवत नाही. चालताना मात्र एक खोड लागली आहे, "तू पुढे हो, मी मागून येते." मी म्हणते, मी मागे हवी, तुझा तोल गेला तर धरायला. ती ऐकत नाही. प्रतिरूपाला मागूनच बघत चालायची सवय लागली ना, तेच चालू राहिलंय. मोठ्या डॉक्टरांना हे सांगायला हवं, त्यांना आवडेल.

मध्येच विचारते, "तू कुठे पडली होतीस का गं अलीकडे?"

"मी? मी दुसऱ्यांना पडू देत नाही."

"कंबर दुखते?"

"दिवसभर उभं राहून कुणाची दुखत नाही?"

तिला स्वतःचं दुखणं विसरायला माझं पाहिजे असतं बहुतेक. बरं आहे, तेवढाच विरंगुळा.

२९ मार्च

आज मन खट्टू आहे. लवकर घरी आले. आई फोनवर बोलत होती, आवाज खाली घेऊन. दादाशी. मी दिसताच म्हणाली, "बरं, बघ तू मग, आणि तारीख कळव," आणि फोन ठेवला.

"कसली तारीख?"

"काही नाही. तुझा दादा काय, नेहमीचं."

वृद्धाश्रमाची, दुसरं काय असणार. मी इथे रक्त आटवतेय, ती पावलागणिक सुधारतेय आणि ह्यांनी आपसात ठरवूनही टाकलं? तिला जायचंच आहे का? माझ्याबरोबर राहून कंटाळली असेल. मी चिडते, ओरडते, वॉकर दारामागे ठेवते. हे सगळं मला मान्य आहे. तरीही तिने मला विचारायला हवं होतं. रात्री जेवताना एक शब्द बोलले नाही. ताटं उचलताना उंबऱ्याला पाय लागून वाटी फुटली. आई म्हणाली, "लागलं का?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" हे बोलायला नको होतं.

४ एप्रिल

केंद्रात बाहेरची मंडळी यंत्र बघायला आली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला आईबद्दल बोलायला लावलं. मी बोलले, आणि चांगलं बोलले. एक बाई पलंग सोडायला तयार नव्हती. तिने स्वतःला चालताना पाहिलं आणि अठ्ठेचाळीस तासांत दारापर्यंत आली. जे मुलीच्या सांगण्याने झालं नाही ते तिच्या स्वतःच्या प्रतिरूपाने केलं. माणूस शेवटी फक्त स्वतःचंच ऐकतो. टाळ्या पडल्या. चाल माझी घातली होती एवढं मी सांगितलं नाही. बारीकसारीक गोष्टी सांगत बसलं की मुद्दा राहून जातो.

चिमणी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. नंतर जवळ आली. "ताई, तुमच्या आईंचा मला फोन आला होता."

"तुला? कशाला?"

"असंच. चौकशी करत होत्या. खूप चौकशी केली त्यांनी." मग थोडी घुटमळली. "एक विचारू?"

"विचार."

"राहू दे. तुम्ही जरा आराम करा, ताई."

ह्या पोरींना वाटतं, पंचेचाळिशी उलटली की बाई थकते. मी तिला म्हटलं, तू आधी दोन घास जास्त खा, मग मला आराम शिकव.

९ एप्रिल

आई एक जिना उतरली आणि चढली. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीने दार उघडून बघितलं आणि शेजारणीच्या मांजरानेसुद्धा. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. मी खालच्या पायरीवर उलटी उभी, हात पसरून. वर चढून आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "सोळा तारखेला माझी तपासणी आहे. हॉस्पिटलमध्ये. तू सुट्टी घे."

"सर्जननी तर जूनमध्ये बोलावलंय."

"दुसरे डॉक्टर आहेत. दादाने वेळ घेतलीय."

म्हणजे त्या दिवशी फोनवर तारीख म्हणजे ही होती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि लाजही वाटली. इतके दिवस तोंड फुगवून बसले होते. आईला म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही वृद्धाश्रमाचं ठरवताय." ती खळखळून हसली. हाड मोडल्यापासून पहिल्यांदा. "आता कुठली जातेय मी. मला वेळ आहे का?"

१६ एप्रिल

आज घडलं ते घडलं तसं लिहून काढते.

आई दोन्ही जिने उतरली. दादाने सांगितलेल्या मुदतीच्या आत. खालच्या पायरीवरून जमिनीवर पाय टेकला तेव्हा मी रडले, तिने काठीने मला ढोसलं आणि म्हणाली, "रिक्षा बघ." हॉस्पिटलात काउंटरवर तीच पुढे झाली, मला बाकावर बसवलं. मी भिंतीवरची पाटी वाचली. हाडांचे डॉक्टर नव्हते, नसांचे होते. मी म्हटलं, "आई, चुकीच्या ठिकाणी आलो आपण." तेवढ्यात आतून नाव पुकारलं. माझं.

मला वाटलं, काउंटरवर घोळ झाला. आत जाऊन तेच सांगायला लागले, तर आई मागून आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, पेशंट ही आहे. हिचा डावा पाय उचलला जात नाही. किती दिवसांपासून ते तिला माहीत नाही, कारण तिचं लक्ष नाही. हिच्या डाव्या चपलेचा पुढचा भाग झिजलाय, उजवीचा नाही. मी फोटो काढून आणलेत."

मला संताप आला. डॉक्टरांना म्हटलं, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, मला काही झालेलं नाही. ते तरुण होते, शांत होते. म्हणाले, "मॅडम, मग तुम्हाला सांगायला नको. टाचांवर चालून दाखवा."

दिवसातून कितीतरी जणांना मी हे सांगते. टाचांवर उभं राहायचं, पंजे वर, आणि चालायचं. मी उभी राहिले. उजवा पंजा वर आला. डावा आला नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो फरशीवर नुसता पडून होता. मला काही ऐकू येईना. चटई, उंबरा, वाटी, सैल पट्टा, सगळं एकदम समोर आलं. पेशंट असता तर मी दारातून आत येतानाच ओळखलं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मला आधी राग आला. नेहमी मला आधी रागच येतो. "मला फसवून आणलंस."

"तू मला फसवलं नाहीस? माझं तोंड लावून स्वतःला चालवलंस. लग्नाचा व्हिडिओ म्हणे! त्या लग्नात मी टाच मोडलेल्या चपलांनी हिंडत होते, मला आठवत नाही?"

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पोटच्या पोरीची चाल ओळखू येत नाही होय? तू चहा करायला गेलीस तेव्हा बघितलं. पाय तसाच घासत गेलीस. त्या चिमणीला फोन केला, तिने सगळं कबूल केलं. बिचारी रडकुंडीला आली होती, तिला ओरडू नकोस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस? विचारलं ना मी, पडलीस का, कंबर दुखते का. काय म्हणालीस?" तिने काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली होती, बोलताना तिच्याकडेच बघत होती. "दादा येतो म्हणत होता. त्याला तू जिन्यावरूनच परत पाठवलं असतंस. तुला हाताला धरून कोण आणणार होतं इथे? मलाच यायला हवं होतं. आणि मी तर पलंगावर."

मी तिची काठी घेऊन बाकाला टेकवली.

"माझं काय, मी पडून राहिले असते," ती म्हणाली. "खरंच सांगते. मला स्वतःला चालताना बघून काडीची उमेद आली नसती."

मग आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसून राहिलो. कुणी बघतंय का, याची मला लाज वाटली नाही.

२१ एप्रिल

स्कॅनमध्ये गाठ दिसली. कमरेच्या वर, मणक्याच्या आत, नसेवर दाबून बसलेली. दिसायला साधी वाटते, पण काढल्यावरच नक्की कळेल. अजून काही महिने गेले असते तर पाय कायमचा गेला असता, कदाचित दोन्ही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मला भीती वाटते. आईसारखं "माझं झालं" म्हणून बघितलं, पण ते मला शोभत नाही. मी सरळ म्हटलं, "आई, मला भीती वाटते." ती म्हणाली, "वाटणारच. मला पण वाटत होती." एवढं तिने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

२३ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात ती गोष्ट खोटी होती. ते आईचं प्रतिरूप नव्हतं, आणि ती स्वतःला बघून उठली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण उठल्या तर खऱ्या," म्हणाले. मी म्हटलं, उठली. पण कशामुळे, ते तुमच्या यंत्राच्या खात्यावर मांडू नका. बेकरीवाल्या काकांचं मांडा, त्यांचा हात खरंच त्यांना बघूनच हलला. आणि इथून पुढे चाल कुणाची घातली ते पेशंटला आधी सांगायचं. त्यांनी मान हलवली. बघू या, पाळतात का.

झाडूवाल्या मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या ताई, मी तुम्ही यायच्या वेळी चटई गुंडाळूनच ठेवायचो." त्यांनीही बघितलं होतं. चिमणीने बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं.

३ मे

गाठ काढली. साधीच निघाली. ऑपरेशननंतर चार दिवस मला लिहिता आलं नाही. आज हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून लिहितेय.

सकाळी डॉक्टरांनी डावं पाऊल उचलायला सांगितलं. चादर थोडीशी हलली. इतकी थोडी, की मी असते तर पेशंटला "छान, जमतंय" म्हटलं असतं. डॉक्टर तेच म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला नाही. पूर्ण येईल की अर्धं, ते सांगता येत नाही. वेळ लागेल. दादा आला आहे. वृद्धाश्रमाचा विषय त्याने काढला नाही. आईच रोज दोन जिने उतरून त्याला नाश्ता आणून देते म्हटल्यावर तो काढणार तरी कसा?

दुपारी चिमणी भेटायला आली. पलंगाच्या कडेला बसून तिने आईला हळूच विचारलं, "आजी, तुमचं ते प्रतिरूप अजून आमच्या कॉम्प्युटरवर आहे. आता लागत नसेल, तर पुसून टाकू?"

आई खिडकीपाशी उभी होती. काठी खुर्चीला टेकवलेली, हातात काही नाही. ती काठीशिवाय उभी आहे हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बहुतेक तिच्याही नाही.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "हिचा पाय बरा झाला की हिला पुन्हा ते पट्टे बांध आणि नीट चालव. मग ती चाल त्यात घाल. ती बया जन्मभर पाय घासत राहिलेली मला खपणार नाही."